एकट्या गौरींचं दुकान

सदाशिव पेठेत रिसबुडांचं दुकान कुठे आहे, हे कोणाला विचारू नये. विचारलंत तर 'कोणते रिसबूड? मुखवटेवाले की दातांचे डॉक्टर?' इथून सुरुवात होते आणि पत्ता हाती पडेपर्यंत तुमच्या दाढेची चौकशीही होऊन जाते. त्यापेक्षा गुपचूप चालत राहावं. एका दवाखान्याच्या आणि एका झेरॉक्सवाल्याच्या मधे फडताळात ओळीनं मांडलेल्या गौरी तुमच्याकडे बघताना दिसल्या, की तेच दुकान. फडताळाच्या वर पाटी आहे : 'मुखवटे जोडीनेच मिळतील. कारण विचारू नये.'

ही पाटी श्यामसुंदर रिसबुडांची. कारण विचारायची तशी गरजही नाही. गौरी दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. भाद्रपदात त्या माहेरी येतात त्या जोडीनं, जेवतात जोडीनं, परत जातात जोडीनं. हे ज्याला ठाऊक नाही तो रिसबुडांच्या दुकानात कशाला येईल?

मुखवटे कागदाच्या लगद्याचे. श्यामसुंदर रद्दी भिजवणार, कुटणार, खळ घालून मळणार आणि त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या साच्यात दाबणार. वाळल्यावर मुखवटा मंदाकिनीबाईंच्या हाती. गाल, ओठ, नथ, कुंकू सगळं झालं की शेवटी डोळे. त्याला ह्या घरात 'डोळे उघडणं' म्हणतात. मंदाकिनीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा अण्णांनी त्यांच्या हातात कुंचला दिला आणि म्हणाले, "भुवई काढताना श्वास सोडू नकोस, सूनबाई." बाईंनी आजवर तो सोडलेला नाही. आता त्यांची साठी उलटून गेली आहे, गुडघे कुरकुरतात, पण हात दगडासारखा स्थिर.

रद्दी भिजायची मागच्या अंगणातल्या पिंपात. गौरींचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पिंपात पाणी पडायचं आणि पुढच्या वर्षाचं काम सुरू व्हायचं, हा त्या घरचा शिरस्ता. गेल्या वर्षी मात्र रस्ता खणलेला, गाडी लावायला जागा नाही, आणि प्रदर्शनांमधून चकचकीत, एकाच चेहऱ्याच्या गौरी ढिगानं आलेल्या. रिसबुडांचं अर्धं फडताळ तसंच राहिलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी श्यामसुंदर अंगणात गेले, पिंप पालथं घातलं आणि हात धुऊन आत आले.

"पुरे झालं," ते म्हणाले. "साचे एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकू. काचेत बसतील. आपल्यापेक्षा बरी बडदास्त राहील."

मंदाकिनीबाई आत गेल्या आणि धुतलेले कुंचले पुन्हा धूत बसल्या. माणसाच्या आयुष्यात त्याला खरोखर येणारी अशी एखादीच गोष्ट असते. त्यांची ही होती, आणि ती आता पिंपाखाली झाकली गेली होती.

पण बाई पेठेतल्या. रडून मोकळ्या होणाऱ्यांतल्या नव्हेत. आठवडा गेला आणि जेवताना ताटावरून मान न उचलता त्यांनी विचारलं, "अहो, पुढच्या गौरी यायच्या आत हे उरलेलं फडताळ रिकामं झालं तर?"

"तर मी स्वतः पिंप सरळ करीन," श्यामसुंदर म्हणाले. "आणि आमटी वाढ."

ह्या माणसानं उभ्या आयुष्यात दिलेला शब्द फिरवला नव्हता. बाईंनी विचारलं ते त्याच भरवशावर, आणि श्यामसुंदरांनी शब्द दिला तो हे होणार नाही ह्या भरवशावर.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक क्लास होता. त्याच्या फलकावर लिहिलं होतं : 'स्वतःचं ऑनलाइन दुकान उभारा. कॉमर्स सर्व्हर, अगदी पहिल्यापासून.' मोठ्या वेबसाइटवर माल ठेवायचा सल्ला बाईंना पुष्कळांनी दिला होता. तो त्यांना पटला नव्हता. दुसऱ्याच्या ओट्यावर पथारी टाकायची आणि त्यानं सांगितलेल्या भावात विकायचं, ह्यापेक्षा दुकान बंद केलेलं काय वाईट? 'स्वतःचं' हा शब्द मात्र त्यांना आवडला. पर्स घेऊन त्या जिना चढल्या.

वर्गात सगळी पंचविशीच्या आतली मुलं. शिकवणारा सौमित्र तिशीचा असेल. त्यानं बाईंना पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आजी, नातवाची चौकशी करायला आलात का?"

"माझ्याच प्रवेशाला आल्येय. आणि काकू म्हण. आजी व्हायला माझी हरकत नाही, पण त्याला अजून वेळ आहे."

शेजारच्या खुर्चीवरची मुलगी फिस्सकन हसली. ती भाग्यश्री. मूळची यवतमाळची, वारज्याला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची आणि संध्याकाळी स्कूटर हाणत इथे यायची. त्या दिवसापासून दोघींची खुर्चीला खुर्ची लागली.

आता खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे बाईंचे हाल कुत्रा खाईना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायची, आणि एक टिंब चुकलं तर सर्व्हर जे काही सुनावायचा ते सासूनंही कधी सुनावलं नसेल. बाई बोटानं एकेक अक्षर शोधायच्या. मुलांचं दुकान उभं राहून त्यावर सामान मांडून व्हायचं, तेव्हा बाईंची अजून पायाभरणी चाललेली असायची. पण सौमित्र एकेका भागाचं काम सांगू लागला की त्या आपल्या परीनं ते बसवून घ्यायच्या. कॅटलॉग म्हणजे फडताळ. स्टॉक म्हणजे मागच्या खोलीतलं. कार्ट म्हणजे गिऱ्हाईकाच्या हातातली वस्तू, जिचे पैसे अजून दिलेले नाहीत. अशी वस्तू हातात धरून तासभर गप्पा छाटणारं गिऱ्हाईक त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे कार्टमधला माल किती वेळ अडवून ठेवायचा, हा धडा त्यांना एका झटक्यात कळला. पुढचाच धडा बॅकअपचा होता. तो त्यांना अजिबात कळला नाही.

त्याचं फळ लगेच मिळालं. एके दिवशी सरावाचं दुकान पुसून टाकायचा आदेश त्यांनी खऱ्या दुकानावर चालवला. सगळे फोटो, सगळी नावं, सगळ्या किमती एका क्षणात साफ.

"बॅकअप होता ना, काकू?" सौमित्रनं विचारलं.

"कशाचा?"

सौमित्रनं डोळे मिटून घेतले. बाई घरी गेल्या आणि त्यांनी झालेलं सगळं श्यामसुंदरांना सांगितलं, कारण लपवाछपवी त्यांना जमत नसे.

"पालथ्या घड्यावर पाणी," श्यामसुंदर म्हणाले.

"घडा तुम्ही पालथा घातलाय," बाई म्हणाल्या आणि पहिल्यापासून सगळं भरायला बसल्या. दुसऱ्यांदा भरताना त्यांचा हात पहिल्यापेक्षा बराच सुटलेला होता. चुकणाऱ्याला दुप्पट शिकायला मिळतं. फी मात्र तेवढीच बसते, हा त्यातला फायदा.

सौमित्रनं सांगितलं होतं, एक वस्तू, एक फोटो, एक क्रमांक. बाईंनी ते तंतोतंत पाळलं. प्रत्येक गौरीला खिडकीपाशी बसवून तिचा वेगळा फोटो घेतला. कोणी लांबट, कोणी गोल, कोणी गालात हसणारी, कोणी जराशी रुसलेली. प्रत्येकीखाली 'ज्येष्ठा' किंवा 'कनिष्ठा' लिहिलं. सर्व्हर भाड्यानं घेतला.

"कुठे असतो तो?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"मुंबईत."

"म्हणजे दुकान पुण्यात आणि गल्ला मुंबईत. उत्तम."

भाग्यश्रीनं दुकान तपासून दिलं. चुकीचा पिनकोड घातला, पैसे देताना मधेच इंटरनेट बंद केलं, पत्त्यात नुसतीच टिंबं टाकली. तिनं दहादा तरी खोटी खरेदी केली असेल. "काकू, एकदम टकाटक! आमच्याकडे हिला महालक्ष्मी म्हणतात. आईले दाखवतो आता," ती म्हणाली. ह्या दहाही वेळा तिनं ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघींना उचलून कार्टमध्ये घातलं होतं, हे तिच्याही ध्यानात आलं नाही आणि बाईंच्याही.

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी दुकान उघडायचं ठरलं. श्यामसुंदरांनी न बोलता लॅपटॉपच्या झाकणाला हळदकुंकू लावलं. बाई बघतच राहिल्या तेव्हा म्हणाले, "यंत्राचा काय दोष?" भाग्यश्रीनं दुकानाचा पत्ता ओळखीच्या प्रत्येकाला पाठवला, त्यांनी पुढच्यांना. चहाचे कप खाली ठेवतात न ठेवतात तोच लॅपटॉप किणकिणला.

"अहो, आली! ऑर्डर आली!" मंदाकिनीबाई नव्या नवरीसारख्या ओरडल्या. ऑर्डर खडकीहून होती. त्यांनी चष्मा लावून वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

एक कनिष्ठा. नुसती.

दुसरी ऑर्डर नाशिकची. एक ज्येष्ठा. तिसरी कोल्हापूरची, पुन्हा एकच. दुपारची जेवणं होईपर्यंत फडताळातल्या कितीतरी जोड्या फुटल्या होत्या आणि उरलेल्या बहिणी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसल्या होत्या. काय घडलं ते बाईंच्या आत्ता लक्षात आलं. गौरी जोडीनं घ्यायच्या असतात, हे त्यांनी दुकानात कुठेच लिहिलेलं नव्हतं. कारण ते कोणी लिहितं का? सूर्य पूर्वेला उगवतो असं कोणी दारावर लावून ठेवतं का? पेठेतल्या पोराटोरांनाही जे ठाऊक असतं, ते सर्व्हरला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि सर्व्हर बिचारा, कोणी एक मागितली तर एक देत सुटला होता.

श्यामसुंदरांनी मान वर करून स्वतःचीच पाटी मोठ्यानं वाचली, 'मुखवटे जोडीनेच मिळतील.' "पुढची ओळ तूच वाच," ते म्हणाले.

बाईंना कानकोंडं झालं. पाटीचा नियम मोडला ह्याचं वाईट वाटलंच, पण खरी धडकी वेगळी होती. एकटी उरलेली गौर कोण घेणार? म्हणजे फडताळ रिकामं व्हायचं राहिलंच, ते आता कधीच रिकामं होणार नव्हतं. शिवाय लेकीला एकटीला कुठेतरी पार्सल करून पाठवायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

"सगळ्या ऑर्डर रद्द करू," सौमित्र म्हणाला. तो जिना उतरून धावत आला होता. "एक बटण दाबलं की सगळ्यांना आपोआप मेल जाईल. मग दोघींचा एकच संच करून पुन्हा मांडू. पण काकू, तुम्ही हे सांगितलं कसं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात!" बाई चिडल्या. मग शांत झाल्या. "मेल नको. नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणावं. मी फोन करते."

पहिला फोन खडकीला. पलीकडे तात्याराव म्हणून एक गृहस्थ होते, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. बाईंनी आपली ओळख दिली आणि चाचरत म्हणाल्या, "आमच्याकडून जरा चूक झालीय. आम्ही गौर एकटी देत नाही. तुमची ऑर्डर आम्हाला..."

"ताई, रद्द नका करू," तात्याराव घाईनं म्हणाले. "हात जोडतो. तीन वर्सं झाली, आख्खं पुणं पालथं घातलं. जो तो म्हणतो जोडीच घ्या. अहो, जोडी घेऊन करू काय? घरात एक हाय ना!"

"एक आहे?"

"आईनं आणलेल्या होत्या दोघी. माळ्यावर पाणी गळलं आन् धाकटीचा पार लगदा झाला. थोरली चांगली हाय. हसती हाय. तिला बुडवायची व्हय, नवी जोडी आणली म्हणून? तीन वर्सं एकटीच उभी राहती बिचारी. शेजारी कलश ठेवतो. पण बघवत नाही, ताई."

मंदाकिनीबाई खुर्चीत बसल्या. "मला तिचा फोटो पाठवाल का?" त्या म्हणाल्या.

फोटो आला. जुना, उडालेला रंग, नाकाच्या शेंड्याला पोपडा. पण डावी भुवई उजवीपेक्षा केसभर वर चढलेली, जणू काही विचारायचंय आणि विचारत नाही. ती भुवई बाई अर्धं आयुष्य गिरवत आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सौमित्र समोर बसलेला आहे ह्याचंही त्यांना भान राहिलं नाही.

श्यामसुंदर चष्मा शोधत पुढे आले. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अण्णांची," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ फोन परत दिला नाही.

मग बाईंनी नाशिकला फोन लावला. तिथल्या आनंदीबाईंच्या घरची वाटणी झालेली. दोघा भावांनी भांडी वाटली, खोल्या वाटल्या आणि गौरीही वाटल्या. थोरल्या जावेकडे ज्येष्ठा गेली, धाकटीकडे कनिष्ठा आली. "माझी तर रोज स्वप्नात येते, बहीण कुठाय म्हणून विचारते," आनंदीबाई म्हणाल्या. कोल्हापूरच्या घरी उंदरांनी एकीचं नाक खाल्लं होतं. ज्याला म्हणून फोन केला त्याच्या घरी एक गौर एकटी उभी होती. आजवर सगळ्या दुकानांनी त्यांना जोडीची पाटी दाखवून परत पाठवलं होतं. त्यांत रिसबुडांचंही दुकान होतं.

शेवटचा फोन ठेवून बाई उठल्या. "सौमित्र, संच वगैरे काही करायचा नाही," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईकाला घरच्या गौरीचा फोटो लावता आला पाहिजे. ऑर्डर देताना, तिथल्या तिथे. मी तिच्या चेहऱ्याला जुळेल अशी बहीण रंगवून देईन. हे शिकव."

"काकू, ते सोपं नाही. आणि मला उद्यापासून गावाला जायचंय."

"मग आज शिकव."

त्यानं शिकवलं, जमेल तेवढं. उरलेलं बाईंनी आणि भाग्यश्रीनं रिकाम्या क्लासात बसून निस्तरलं. फोटो जोडायची जागा तर दुकानात दिसू लागली, पण फोटो काही चढेना. लोकांच्या फोनमधले फोटो भलेमोठे आणि सर्व्हर ते गिळायला तयार नाही. दर वेळी तीच लाल ओळ. भाग्यश्री म्हणाली, "काकू, सर येईपर्यंत थांबू ना." बाई थांबल्या नाहीत. त्यांनी लाल ओळीतला एकेक शब्द तांदळातल्या खड्यासारखा निवडला. हा कशाचा, तो कुठून आला. शेवटी सेटिंगच्या फायलीत एक मर्यादा सापडली. ह्याहून मोठा फोटो घेऊ नये, असं तिथे लिहिलेलं होतं. सर्व्हरच्या घरातही पाट्या असतात, कारण न विचारण्याच्या.

ह्या वेळी बाईंनी आधी बॅकअप घेतला. मग आकडा बदलला, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. दुकान गायब झालं. पडद्यावर नुसतं पांढरं. भाग्यश्रीनं बाईंचा हात घट्ट धरला. बाईंनी श्वास रोखून धरला होता, भुवई काढताना धरतात तसा. आणि मग वरून एकेक करून फडताळ उतरलं, सगळ्या गौरी आपापल्या जागी.

भाग्यश्रीनं लगेच फोनमधून यवतमाळच्या घरच्या महालक्ष्म्यांचा भलाथोरला फोटो लावला. तो चढला. "झालं काकू! तुमीच केलं हे! सरांनी नाही, तुमी!" ती खुर्चीवरून उठून नाचू लागली. बाई नाचल्या नाहीत, पण त्यांना इतका आनंद झाला की घरी जाताना त्यांनी गुडघ्यांची पर्वा न करता जिना भराभर उतरला आणि कोपऱ्यावरून बाकरवडी घेतली. श्यामसुंदरांनी विचारलं, काय विशेष? तर म्हणाल्या, "काही नाही. सर्व्हरची खोड मोडली."

दुकानाच्या पहिल्या पानावर बाईंनी एकच ओळ घातली : 'तुमच्या घरच्या गौरीला बहीण हवी आहे का?'

ती ओळ कुठून कुठे गेली, देव जाणे. साताऱ्याहून फोटो आला, इंदूरहून आला, बडोद्याहून आला. काळ्या डोळ्यांच्या, घाऱ्या डोळ्यांच्या, अपऱ्या नाकाच्या गौरी. एकीच्या कपाळावर कोणा पोरानं पेनानं गिरवलेलं होतं, आणि घरचे म्हणत होते, तेही नव्या गौरीला जुळवून द्या. फडताळातल्या एकट्या उरलेल्या गौरी बाई एकेक करून खाली काढायच्या, जुने डोळे-भुवया खरवडायच्या आणि फोटोतल्या चेहऱ्याकडे बघत नव्यानं रंगवायच्या. जोडी फुटलेल्या प्रत्येकीला कुठल्या ना कुठल्या गावी बहीण मिळत गेली. श्यामसुंदर खोक्यात गवत भरून पार्सलं बांधायचे. प्रत्येक पार्सल देताना कुरिअरवाल्याला बजावायचे, "आपटू नका. माहेरवाशीण आहे." नाशिकच्या आनंदीबाईंनी गोष्ट जावेला सांगितली असावी, कारण तिकडूनही ऑर्डर आली. वाटणी झालेल्या त्या दोन घरांत आता चार गौरी झाल्या.

गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी सकाळी फडताळात एकच मुखवटा उरला होता. तात्यारावांची कनिष्ठा. ती सगळ्यात आधी रंगवून झाली होती, पण तात्यारावांनी पार्सल नको म्हणून सांगितलं होतं. "मी येतो न्यायला," ते म्हणाले होते. आज त्यांचा पत्ता नव्हता. बाईंनी फोन केला, कोणी उचलला नाही. पुन्हा केला, तेच.

"फडताळात एक आहे अजून," श्यामसुंदर पेपरात डोकं घालून म्हणाले.

"विकली गेलीय ती."

"फडताळात आहे ती फडताळात आहे."

हा माणूस शब्दाचा पक्का होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्का. जेवणं झाली, ओटा आवरून झाला, तरी कोणी येईना. बाईंनी उगाचच मुखवट्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दुकानासमोर रिक्षा थांबली. आतून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उतरले. त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी काहीतरी धरलं होतं, जरीच्या खणात गुंडाळलेलं.

"उशीर झाला, ताई. सकाळपासनं हिचीच आवराआवर चालली होती, फोनकडं ध्यानच नव्हतं," तात्याराव म्हणाले. "हिला संगं आणली. म्हटलं, बहिणीला न्यायला बहिणीनंच यावं."

त्यांनी खण उलगडला. अण्णांची ज्येष्ठा. मंदाकिनीबाईंनी फडताळातून कनिष्ठा उतरवली आणि तिच्या शेजारी ठेवली. नव्या मुखवट्याचे रंग बाईंनी मुद्दाम मंद ठेवले होते, आणि नाकाच्या शेंड्याला इतकुसा पोपडाही काढला होता. दोघींची डावी भुवई केसभर वर. दोघी जणू एकमेकींना काही विचारणार होत्या.

तात्याराव बघत उभे राहिले. "आली गं बाई," ते ज्येष्ठेला म्हणाले. मग त्यांनी दोघींना उचलून इकडून तिकडून पाहिलं, आणि एकदम गोंधळून विचारलं, "आता ह्यातली आमची कोणती?"

बाई उत्तर देणार होत्या, पण श्यामसुंदर पेपर ठेवून उठले. त्यांनी दोन्ही मुखवटे निरखून पाहिले. ज्यांनी ते साचे जन्मभर हाताळले त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांना सांगता आलं नाही. ते मंदाकिनीबाईंकडे वळले आणि दोन्ही मुखवटे त्यांच्या हातात दिले.

तात्यारावांनी दोघींना एकाच खणात गुंडाळलं आणि रिक्षात बसताना पाय आधी उजवा टाकला. रिक्षा वळणाआड गेली. बाईंनी वर पाहिलं. फडताळ या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं होतं. एवढं रिकामं फडताळ त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

श्यामसुंदर दुकानात नव्हते. मागच्या अंगणातून काहीतरी जड घरंगळल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ नळाचा. मंदाकिनीबाई घाईनं मागे गेल्या. पिंप सरळ उभं होतं. श्यामसुंदर बाह्या सरसावून वर्षभराच्या पेपरांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडत होते.

"अहो, अजून गौरी यायच्यात," बाई म्हणाल्या. "रद्दी विसर्जनानंतर भिजवायची असते ना?"

"असते," श्यामसुंदर पहिला पेपर फाडून पाण्यात टाकत म्हणाले. "यंदा मागणी जास्त आहे."